पेढी, बदली, दान

'ब्लड बँक' हा शब्द १९३७ सालचा. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवून ठेवण्याची सोय उभी केली आणि तिला हे नाव दिलं. हे निव्वळ रूपक नाही, असं त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. खात्यात पैसे भरल्याशिवाय काढता येत नाहीत. रक्ताचंही तसंच, जेवढं आत येईल तेवढंच बाहेर जाईल. मराठीने या बँकेला 'रक्तपेढी' म्हटलं. पेढी म्हटलं की गादी, तक्क्या, खतावणी आणि हिशेबाला पक्का माणूस डोळ्यांपुढे येतो. मी जिथे राहते तिथली तमिळ भाषा 'रत्त वंगी' म्हणते. वंगी म्हणजे बँकच.

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती केली आणि 'ब्लड बँक' या शब्दाच्या जागी 'ब्लड सेंटर' हा शब्द आणला. मराठी सरकारी कागदांतही आता 'रक्तकेंद्र' दिसू लागलं आहे. याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि देशात टाळेबंदी लागली. नियमातल्या एका शब्दाकडे लक्ष द्यायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. मला तो शब्द दिसला तो बराच उशिरा, आणि भाषांतराच्या सवयीने मनात पहिला प्रश्न आला तो हा, की पेढीतली कोणती गोष्ट केंद्रात येताना गळून पडली?

या दोन शब्दांच्या मध्ये त्र्याऐंशी वर्षं आहेत, आणि आपल्या देशापुरतं बोलायचं तर दोन महासाथी. एड्सच्या साथीने आपण रक्त कुणाकडून घ्यायचं हे बदललं. कोविडच्या साथीने ती नवी व्यवस्था कशावर उभी आहे ते दाखवलं. हा इतिहास मी चेन्नईच्या शोळिंगनल्लूरमधून लिहिते आहे, आणि त्यातला पहिला महत्त्वाचा धागा इथून फार लांब नाही. आयटी कंपन्यांच्या इमारतींनी भरलेला जुना महाबलिपुरम रस्ता शोळिंगनल्लूरवरून जातो. त्याच रस्त्याने उत्तरेला दहा-बारा किलोमीटर गेलं की तरमणी लागतं. तिथल्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस या धर्मादाय रुग्णालयाच्या आवारात वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाची संस्था कित्येक वर्षं एड्सच्या रुग्णांसाठी काम करत होती. तमिळ देशात गायतोंडे हे आडनाव कुठून आलं, याचं उत्तर याच इतिहासात आहे.

त्याआधी रक्ताच्या या पेढीची अडचण समजून घेतली पाहिजे. सोनं पेढीत कितीही वर्षं राहिलं तरी सोनंच असतं. रक्ताचं तसं नाही. नेहमीच्या रसायनात ठेवलेल्या तांबड्या पेशी पस्तीस दिवस टिकतात, नवी द्रावणं वापरली तर बेचाळीस. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. म्हणजे या पेढीतलं नाणं रोज नासत असतं आणि रोज नवं भरावं लागतं. रक्त कारखान्यात तयार होत नाही. ते माणसाच्या दंडातूनच यावं लागतं. आणि गरज सगळीकडे सारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात वर्षाला सुमारे ११.८५ कोटी रक्तदानं होतात. त्यांतली चाळीस टक्के श्रीमंत देशांत, जिथे जगाची फक्त सोळा टक्के लोकसंख्या राहते. श्रीमंत देशांत रक्त मुख्यतः साठी ओलांडलेल्यांना लागतं. मोठ्या शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार. गरीब देशांत निम्म्याहून अधिक रक्त पाच वर्षांखालच्या मुलांना द्यावं लागतं. त्याखालोखाल बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बायका. तिथे पिशवी मिळाली नाही तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू असं म्हणता येत नाही.

भारतात रक्त मिळवण्याचे तीन मार्ग होते: विकत, बदली आणि दान.

विकत घेणं सगळ्यांत सोपं. मोठ्या रुग्णालयांच्या फाटकांजवळ दलाल असत. रिक्षा ओढणारे, हमाल, बेकार, नशेच्या आहारी गेलेले लोक काही रुपयांसाठी दंड पुढे करत. महिन्यातून दोनदा-तीनदा रक्त विकणाऱ्याच्या रक्तात लोह कितीसं उरणार? त्या पिशवीतलं रक्त पातळ असे आणि त्यात काय काय आहे हे कुणी फारसं तपासत नसे.

बदली म्हणजे रुग्णालयाने रुग्णाला पिशवी द्यायची आणि नातेवाइकांनी त्या बदल्यात माणसं आणून तेवढं रक्त भरायचं. फँटसच्या पेढीच्या कल्पनेला सगळ्यांत जवळचा मार्ग हाच. हिशेब चोख, पण ज्याच्या मागे माणसं आहेत त्याच्याच सोयीचा. खेड्यातून एकटीच लेकराला घेऊन आलेली बाई चार रक्तदाते कुठून आणणार? ती दलालाकडेच जाई, आणि तो विकणाऱ्यालाच मामा किंवा चुलता म्हणून उभा करी.

तिसरा मार्ग दानाचा. मुंबईत १९५४ पासून लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाच्या शिबिरांचं काम सुरू केलं. रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, पुरुषत्व जातं, अशा समजुती तेव्हा घट्ट होत्या. त्यांतून एकेका माणसाला बाहेर काढायचं होतं. १९७५ पासून १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन म्हणून पाळला जातो. तरीही दान ही बराच काळ चांगल्या माणसांनी करायची चांगली गोष्ट राहिली. व्यवस्था चालत होती ती उरलेल्या दोन मार्गांवर.

१९७० साली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांचं 'द गिफ्ट रिलेशनशिप' हे पुस्तक आलं. ब्रिटनमध्ये रक्त दान म्हणून घेतलं जाई, अमेरिकेत बरंचसं विकत. दोन्हींची त्यांनी तुलना केली. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा भूतदयेपेक्षा व्यवहाराचा आहे. रक्त विकणाऱ्याला आपला आजार लपवण्यात फायदा असतो, कारण खरं सांगितलं तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. दान देणाऱ्याला खोटं बोलून काहीच मिळत नाही. म्हणजे दानाचं रक्त अधिक सुरक्षित असतं, ते देणारा अधिक सज्जन असतो म्हणून नव्हे, तर खरं सांगणं त्याला परवडतं म्हणून. ज्या आजाराची चाचणीच अजून निघालेली नाही किंवा चाचणी सुरुवातीचे काही दिवस आंधळी असते, तिथे रक्तपेढीजवळ एकच साधन उरतं: समोरचा माणूस खरं सांगेल हा भरवसा.

हे पुस्तक आलं तेव्हा तसा आजार कुणाला ठाऊक नव्हता. सोळा वर्षांनी तो मद्रासमध्ये सापडला.

सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारात असलेल्या मद्रासच्या एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या एकट्या मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकल्या, हृदयशल्यविशारद व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी लग्न केलं, परदेशांत काम करून परत आल्या आणि त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. अमेरिकेतल्या एड्सच्या बातम्या त्या वाचत होत्या. हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे यायचा नाही, असं भारतात सर्रास बोललं जात होतं. त्यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय दिला.

निर्मलांनी तीन महिन्यांत ऐंशीहून अधिक नमुने गोळा केले. त्यांतले बरेचसे, पकडून सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रय करणाऱ्या बायकांचे होते. नमुने ठेवायला दुसरी सोय नव्हती म्हणून ते निर्मलांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिले. चाचणीची सोयही मद्रासमध्ये नव्हती. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्या नमुने घेऊन रेल्वेने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथे सहा नमुन्यांचा रंग बदलला. अमेरिकेत फेरतपासणी होऊन निष्कर्ष पक्का झाला आणि भारतात एचआयव्ही आहे हे अधिकृतपणे मान्य करावं लागलं. १९९३ मध्ये सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने संस्था काढली. तरमणीतलं गायतोंडे हे नाव ते. २०१५ मध्ये त्या गेल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

त्या सहा नमुन्यांनंतरचा प्रश्न रक्तपेढ्यांचा होता. विषाणू देशात आहे म्हणजे तो पिशव्यांतही असू शकतो. शरीरसंबंधातून लागण होण्याची शक्यता एका खेपेला थोडी असते. लागण झालेली रक्ताची पिशवी चढवली तर ती जवळजवळ निश्चितच. १९८९ मध्ये केंद्र सरकारने रक्ताची एचआयव्ही तपासणी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. या तपासणीचं पहिलं मोठं ओझं पडलं ते रक्त विकणाऱ्यावर नव्हे. ते पडलं गोव्यातल्या एका दात्यावर.

डॉमिनिक डिसोझा म्हापशाजवळच्या पर्रा गावचे. वय एकोणतीस, वन्यजीव संरक्षणाच्या संस्थेत नोकरी, आणि नेमाने रक्तदान करण्याची सवय. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्यांना घेऊन गेले. काय झालं आहे हे त्यांना नीट कुणी सांगितलं नव्हतं; आधी दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, एवढंच कारण. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नुकतीच दुरुस्ती होऊन बाधित व्यक्तीला अलग डांबण्याची तरतूद झाली होती. क्षयरोगाच्या जुन्या इस्पितळात पहाऱ्याखाली त्यांना चौसष्ट दिवस ठेवलं गेलं. त्यांच्या आई लूसी डिसोझा यांच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका दाखल झाली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक घरी आले, पण अलगीकरणाची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. पुढे त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि मे १९९२ मध्ये ते वारले. 'माय ब्रदर निखिल' हा २००५ सालचा चित्रपट त्यांच्या हकिगतीवरून सुचलेला.

डॉमिनिकची हकिगत सहसा एड्सग्रस्तांच्या हक्कांची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. रक्तसंक्रमणाच्या इतिहासात तिचा आणखी एक अर्थ होतो. टिटमसच्या मांडणीतला आदर्श दाता म्हणजे हाच माणूस: पैसे नाहीत, बदली नाही, कुणासाठी म्हणून नाही, नुसतं दिलेलं रक्त. नवी चाचणी आली आणि राज्याने तिचा पहिला उपयोग त्या माणसाला कोंडण्यासाठी केला. दंड पुढे करण्याचं फळ पोलिसांची गाडी असेल, तर खरं सांगणं दात्याला परवडत नाही. चाचणी कितीही चांगली असली तरी ती रक्ताला आंधळं करणाऱ्या भीतीवर उतारा होत नाही. अलगीकरण आणि भेदभाव यांना मनाई करणारा, संमतीशिवाय चाचणी नको असं सांगणारा केंद्रीय कायदा यायला २०१७ साल उजाडलं.

दरम्यान पेढ्यांची अवस्था बाहेर आली. १९९० मध्ये केंद्र सरकारच्या सांगण्यावरून ए. एफ. फर्ग्युसन या सल्लागार कंपनीने देशभरच्या रक्तपेढ्यांची पाहणी केली. एकूण १,०१८ पेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना चालत होत्या. बऱ्याच ठिकाणी रक्तगट पाहण्यापलीकडे तपासणी होत नव्हती. या अहवालाच्या आधारे एच. डी. शौरी यांच्या 'कॉमन कॉज' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ४ जानेवारी १९९६ ला निकाल लागला: राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्तसंक्रमण परिषदा स्थापन करा, विनापरवाना पेढ्या बंद करा आणि रक्त विकण्याची पद्धत दोन वर्षांत संपवा. १ जानेवारी १९९८ पासून भारतात रक्ताची विक्री बंद झाली. आज रक्तकेंद्र पैसे घेतं ते तपासणी आणि साठवणुकीचे, रक्ताचे नाहीत.

तीन मार्गांतला एक कायद्याने मिटला. दुसरा, बदलीचा, धोरणाने हळूहळू बाजूला सारायचा होता. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाचा भर ऐच्छिक दानावर आहे. बदलीला विरोध नुसता तत्त्वाचा नाही. मराठीत आपण 'रक्ताचं नातं' म्हणतो आणि अडीअडचणीला तेच धावून येईल असं धरून चालतो. वैद्यकाला इथे वेगळंच दिसतं. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. ते त्यांना हुसकून लावत नाही. मग त्या तिथे रुजतात आणि उलटून त्या शरीरावरच हल्ला करतात. असं क्वचित घडतं, पण घडलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त चढवायचंच असेल तर आधी त्यावर किरणांचा मारा करतात. शक्य असेल तर रक्त अनोळखी माणसाचं बरं. इथे रक्ताचं नातं परक्याशीच जोडावं लागतं.

दानाचा मार्गही आपोआप निर्धोक होत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या सात्तूरच्या सरकारी रुग्णालयात एका गरोदर बाईला एचआयव्हीबाधित रक्त चढवलं गेलं. ज्या तरुणाचं ते रक्त होतं त्याने २०१६ मध्येही रक्तदान केलं होतं, तेव्हाच बाधा दिसली होती, पण ती बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. परदेशी नोकरीसाठी केलेल्या तपासणीत त्याला ती कळली तेव्हा त्याने स्वतः जाऊन रक्तपेढीला सांगितलं. उशीर झाला होता. तो एकोणीस वर्षांचा होता. त्याने विष घेतलं आणि तो गेला. या प्रकरणात यंत्रणेतल्या प्रत्येक पायरीवर चूक झाली. चोख वागला तो एकटा दाता. डॉमिनिकनंतर तीस वर्षांनीही खरं सांगण्याची किंमत देणाऱ्यालाच चुकवावी लागली.

असं सगळं असूनही दान वाढलं. ते ज्या रीतीने वाढलं ती रीत शोळिंगनल्लूरमध्ये सहज दिसते. इथल्या आयटी कंपन्यांच्या आवारांत हजारो धडधाकट तरुण रोज एका फाटकातून आत येतात. रक्तपेढीला याहून चांगली जागा कोणती? तळमजल्यावर खाटा मांडायच्या, अर्ज भरून घ्यायचे, वजन आणि हिमोग्लोबिन पाहायचं, रक्त घ्यायचं, बिस्किट आणि रस द्यायचा; एका दिवसात शंभर-दोनशे पिशव्या. महाराष्ट्रात हेच महाविद्यालयांत, गणेश मंडळांत, पुढाऱ्यांच्या वाढदिवशी होतं. रक्त विकणारा गरीब माणूस गेला आणि त्याची जागा गर्दीने घेतली. 'रक्तदान शिबिर' हा शब्दच गर्दीचा आहे. दात्याने एकट्याने उठून रक्तकेंद्रात जायचं, पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा जायचं, ही सवय मात्र फारशी लागली नाही.

मार्च २०२० मध्ये नेमकी गर्दीच बंद झाली. कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं, महाविद्यालयं रिकामी झाली, शिबिरं रद्द झाली. कोविडचा विषाणू रक्तातून पसरल्याचं दिसलेलं नाही. २०२० मध्येही रक्त चढवणं या दृष्टीने सुरक्षितच होतं. एड्सच्या काळात दाता येऊ शकत होता, धोका रक्तात होता. आता रक्त निर्धोक होतं, पण दाता घराबाहेर पडू शकत नव्हता. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेने २५ मार्चला पहिली मार्गदर्शक सूचना काढली: प्रवास करून आलेल्या, बाधिताच्या संपर्कात आलेल्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाने अठ्ठावीस दिवस रक्त देऊ नये. पुन्हा सगळी भिस्त खरं सांगण्यावर. त्या वेळी चेन्नईत बाधिताच्या दारावर पालिकेचं सूचनापत्रक चिकटत होतं. कुणाच्या संपर्कात आलात, या प्रश्नाला खरं उत्तर देण्याचा अर्थ तेव्हा सगळ्या आळीला ठाऊक होता.

टाळेबंदीत अपघात कमी झाले, ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या, म्हणून रक्ताची मागणीही घटली. पण बाळंतपणं पुढे जात नाहीत. थॅलेसेमियाही थांबत नाही. भारतात दरवर्षी सुमारे १०,००० मुलं थॅलेसेमियाचं तीव्र रूप घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर.

आमच्या गृहसंकुलात बंगाली, ओडिया, हिंदी, मराठी बोलणारी बरीच कुटुंबं आहेत. त्या दिवसांत रक्तासाठीची आवाहनं तमिळ आणि इंग्रजीतून यायची आणि त्यांचं मराठी-हिंदी करून देण्याचं काम माझ्याकडे असे. चार ओळींचा मजकूर: रक्तगट, रुग्णालय, किती पिशव्या, फोन. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येई. रक्त कोणत्याही गटाचं चालेल, 'बदली' दाते हवेत. धोरणात मागे सरलेला शब्द टाळेबंदीत पुढे आला होता. शिबिरं नव्हती, म्हणून रुग्णालयांनी पुन्हा नातेवाइकांकडे बोट दाखवलं. आणि नातेवाईक दुसऱ्या राज्यात अडकलेले. ओडिशातून बांधकामावर आलेल्या मजुराच्या बायकोसाठी बदली कोण भरणार?

तमिळमध्ये रक्तदानाला दोन शब्द आहेत. 'रत्त दानम्' आपल्यासारखाच. दुसरा अधिक ठेट: 'कुरुदिक्कोडै'. कुरुदि म्हणजे रक्त, कोडै म्हणजे देणगी, औदार्य. आपल्याकडे दानशूर म्हटलं की कर्ण. तमिळही त्याला 'कोडै वळ्ळल' म्हणते. पण कोडै म्हटल्यावर तमिळ वाचकाला जुन्या संगम काळातले सात दाते आठवतात. त्यांतल्या पारी राजाने आधार नसलेल्या वेलीला आपला रथ दिला. पेगनने थंडीने कुडकुडतोय असं वाटून मोराला अंगावरची शाल दिली. कर्णाकडे मागणारा समोर उभा होता, आणि कोण मागतोय हे कर्णाला ठाऊक होतं. वेलीने काही मागितलं नव्हतं, मोरानेही नाही. भाषांतरात मी 'रक्तदान' हाच शब्द ठेवला, तो सगळ्यांना कळतो. पण शिबिराच्या गर्दीबाहेर, कुणाचं नाव ठाऊक नसताना दिलेल्या रक्ताला कोडै हा शब्द जास्त शोभतो, असं मला वाटत आलं आहे.

व्यवस्थेला जाग आली नाही असं नाही. रक्तकेंद्रांनी वेळ ठरवून एकेक दाता बोलावला, गाड्या पाठवल्या, पास मिळवून दिले. ऑगस्ट २०२० मध्ये, १९३४ साली सुरू झालेल्या लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती बसवली नाही. त्या अकरा दिवसांत 'आरोग्योत्सव' करून रक्त आणि प्लाझ्मा दानाची शिबिरं घेतली. गर्दीवर उभ्या असलेल्या उत्सवानेच गर्दी न करता रक्त गोळा करायचं ठरवलं, हे मला त्या वर्षातल्या मोठ्या गोष्टींपैकी एक वाटतं.

पण त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात प्लाझ्माचा ध्यास सुरू झाला. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांनी दुसरा रुग्ण बरा होईल, ही आशा जुनी. १९१८ च्या फ्लूतही ती करून पाहिली होती. चेन्नईच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयात जुलै २०२० मध्ये प्लाझ्मा बँक सुरू झाली. नाव बँकच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेली चाचणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली: प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत. तरीही उपचारांच्या अधिकृत यादीतून तो वगळला गेला तो १७ मे २०२१ ला, दुसरी लाट ऐन भरात आल्यावर. मधल्या सात महिन्यांत नातेवाईक बऱ्या झालेल्या माणसांच्या मागे धावत होते आणि प्लाझ्मासाठी पैसे मागितल्याच्या बातम्या येत होत्या. १९९८ मध्ये बंद केलेलं दार किती सहज किलकिलं होतं, ते दिसलं. त्याच मे महिन्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. लसीच्या शेवटच्या मात्रेनंतर अठ्ठावीस दिवस रक्त देता येणार नाही, असा नियम होता. जे वय रक्त देण्याचं तेच आता रांगेत लागणार होतं. 'आधी रक्तदान, मग लस' अशी आवाहनं महाराष्ट्रभर झाली. मग परिषदेने ती मुदत चौदा दिवसांवर आणली.

पेढीचं केंद्र झालं तेव्हा काय गळून पडलं, या माझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं. पेढीत देणं आणि घेणं यांचा हिशेब एकाच खात्यावर असतो. केंद्रात तो तसा राहू नये, अशी अपेक्षा आहे. ज्याने घेतलं त्याने फेडायचं नाही, ज्याने दिलं त्याने मागायचं नाही. हे शब्दात झालं आहे. व्यवहारात व्हायचं तर दाता गर्दीशिवायही आला पाहिजे, आणि आल्यावर त्याने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीने त्याचं घर, नोकरी, जीव धोक्यात येता कामा नये. मद्रासच्या सहा नमुन्यांपासून सात्तूरपर्यंत आपल्याकडे यंत्रं, कायदे, परिषदा झाल्या. या दोन गोष्टी अजून अर्ध्याच झाल्या आहेत.

मी एकदा कागदावर साधा हिशेब मांडून पाहिला. थॅलेसेमियाच्या एका मुलाला दर तीन आठवड्यांनी एकच पिशवी लागते असं धरलं, तरी वर्षाला सतरा पिशव्या होतात. पुरुषाला दोन रक्तदानांत नव्वद दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, बाईला एकशेवीस. म्हणजे नेमाने देणारा पुरुषदेखील वर्षात चारदाच देऊ शकतो. एका मुलाला एक वर्ष जगवायला निदान पाच माणसं लागतात. ती त्याच्या नात्यातली नसलेली बरी. त्यांना त्या मुलाचं नाव कधी कळणार नाही, आणि साथ असो वा नसो, ठरल्या दिवशी ती उठून गेली पाहिजेत.